एका यादीची हकीकत

यादी हा वाङ्मयाचा प्रकार आहे असें कोणी म्हटलें तर विद्वान मंडळी हंसतील. परंतु आपल्यापैकीं बहुतेकांचें निम्में वाचन याद्यांचेंच असतें, हें नाकबूल करितां येणार नाहीं. वाण्याची यादी, वर्गांतील हजेरीपट, लग्नघरची आहेराची वही, निवडणुकीच्या वेळची मतदारांची यादी, परीक्षेच्या निकालाचा तक्ता. या शेवटच्या यादीपुढें उभ्या राहिलेल्या मुलास विचारा. बोट एकेका नांवावरून खालीं सरकत असतें आणि छाती धडधडत असते. कादंबरीच्या कोणत्याही प्रकरणानें इतकी उत्कंठा लावलेली त्याला आठवणार नाहीं.

आतां या याद्या कागदावरून उठून मोबाईलच्या पडद्यावर येऊन बसल्या आहेत. आगगाड्यांच्या वेळा, बँकेंतील जमाखर्च, बाजारभाव, शाळेच्या सूचना, सारें कांहीं एकाखालीं एक अशा ओळींनीं दिसतें आणि अंगठ्यानें वर सरकवितां येतें. बालमित्रहो, तुम्ही दिवसांतून किती वेळां तो अंगठा सरकवितां याचा हिशेब तुमच्या पालकांजवळ आहेच. तो आम्ही येथें मांडीत नाहीं. आम्हांस सांगावयाचें आहे तें निराळें. पडद्यावरील ती ओळ येते कोठून? तिला त्या जागीं कोणीं बसविलें? आणि जी ओळ तुम्हांस दिसली नाहीं ती कां दिसली नाहीं? गेलें वर्षभर आम्ही या प्रश्नांच्या संगतींत आहों. कारण आपल्या शाळेच्या ग्रंथालयाची यादी मोबाईलवर आणण्याचें काम माजी विद्यार्थी या नात्यानें आमच्याकडे आलें. ॲप रचणें हा आमचा नित्याचा धंदा आहे. आजवर दुकानांसाठीं आणि गुदामांसाठीं आम्हीं अशा पुष्कळ याद्या रचिल्या. परंतु जिच्यापायीं झोंप उडाली अशी यादी ही एकच.

ग्रंथालयांत पुस्तकें सुमारें नऊ हजार. त्यांची नोंद दोन ठिकाणीं होती. एक दाखलवह्यांत. या जाड पुठ्ठ्याच्या सात वह्या असून त्यांत पुस्तक ज्या दिवशीं शाळेंत आलें त्या क्रमानें लिहिलेलें आहे. दुसरी नोंद कार्डांच्या कपाटांत, लहान लहान खणांतून वर्णानुक्रमानें लावलेली. परंतु त्या कार्डांपैकीं जवळजवळ निम्मीं पावसाळ्यांनीं आणि वाळवीनें नेलीं आहेत. खरें पाहतां तिसरीही एक नोंद होती, आणि तीच सर्वांत पूर्ण होती. ती आमच्या ग्रंथपाल सरांच्या डोक्यांत. "सर, तें समुद्रावरचें, निळ्या पुठ्ठ्याचें पुस्तक," एवढें म्हटलें कीं सर खुर्चीवरून न उठतां कपाट आणि फळी सांगत. हे सर येत्या मे महिन्यांत निवृत्त होणार आहेत.

त्यांत आणखी एक संकट उभें राहिलें. नव्या पुस्तकांस जागा नाहीं. म्हणून दहा वर्षांत जें पुस्तक कोणीं नेलें नाहीं तें बाद ठरवून रद्दींत द्यावें असा ठराव झाला होता. ठराव वाईट हेतूनें झालेला नव्हता, आणि जागेची अडचण खोटी नाहीं. परंतु पुस्तक कोणीं नेलें नाहीं याचा अर्थ तें कोणासही नको होतें असा होतो काय? कार्ड वाळवीनें खाल्लें, म्हणून तें पुस्तक आहे हेंच मुलांस कळलें नाहीं. कळलें नाहीं म्हणून कोणी मागावयास आलें नाहीं. आणि कोणी आलें नाहीं म्हणून पुस्तक रद्दींत! असा हा न्याय आहे. तेव्हां सरांचें डोकें मे महिन्यांत घरीं जाण्यापूर्वीं आणि गठ्ठे रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वीं यादी तयार व्हावयास हवी होती.

नोंदी यंत्रांत ठेवावयाच्या त्या डेटाबेसमध्यें. हा शब्द भारी वाटला तरी कल्पना सोपी आहे. आंखलेलें कोष्टक डोळ्यांपुढें आणा. प्रत्येक पुस्तकास एक आडवी ओळ, आणि नांव, लेखक, कपाट, फळी अशा प्रत्येक माहितीस एक उभा रकाना. नोंदींचें असें साध्या कोष्टकांचें रूप एडगर कॉड या गणितज्ञानें १९७० सालीं एका निबंधांत मांडलें. कॉड जन्मानें इंग्रज. दुसऱ्या महायुद्धांत ते वैमानिक होते. पुढें अमेरिकेंतील सॅन होझे येथें आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेंत ते काम करूं लागले. त्यांच्यापूर्वीं यंत्रांतील नोंद काढावयाची तर ती कोणत्या वाटेनें आंत ठेविली आहे हें विचारणारास ठाऊक असावें लागे. कॉड यांचें म्हणणें असें, कीं विचारणारानें काय हवें तेवढेंच सांगावें. तें कोणत्या वाटेनें शोधावयाचें तें यंत्र पाहील. त्याच कंपनींतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनीं १९७४ सालीं अशी मागणी करण्याची एक भाषा प्रसिद्ध केली. तीच आज एसक्यूएल या नांवानें जगभर चालते. कॉड यांस १९८१ सालीं ट्युरिंग पारितोषिक मिळालें. आम्हांस मात्र हा निबंध प्रथम वाचला तेव्हां आमच्या ग्रंथपाल सरांचीच आठवण झाली. "निळ्या पुठ्ठ्याचें" एवढेंच आम्हीं म्हणावें आणि वाट त्यांनीं शोधावी!

मोबाईलमध्यें जो डेटाबेस असतो त्याचें नांव एसक्यूलाइट. रिचर्ड हिप यांनीं तो २००० सालीं प्रसिद्ध केला, आणि त्याची मूळ प्रेरणा अमेरिकन नौदलाच्या एका विनाशिकेवरील कामांतून आली. शाळेच्या ग्रंथालयापर्यंत पोहोंचलेली ही वस्तु युद्धनौकेवर जन्मली, ही गंमत मुलांस सांगण्याजोगी आहे. या डेटाबेसास दूरच्या कोणत्याही यंत्राची गरज लागत नाहीं. सर्व कोष्टकें एकाच फाइलींत राहतात. तो कोणाच्या मालकीचा नाहीं, कोणीही वापरावा. आमच्या नऊ हजार पुस्तकांची नोंद मोबाईलनें काढलेल्या एका छायाचित्राएवढ्या जागेंत मावली. वरच्या मजल्यावर इंटरनेट धड येत नसल्यानें तर ही सोय आम्हांस फारच मोलाची वाटली.

आतां मागणी कशी करावयाची तें पाहूं. यंत्रास सांगावयाचें तें मराठींत मांडलें तर असें होईल: पुस्तकांच्या कोष्टकांतून नांव, लेखक, कपाट आणि फळी हे रकाने दे, ज्यांच्या नांवांत 'समुद्र' आहे तेवढ्याच ओळी दे, आणि त्या नांवाच्या क्रमानें लावून दे. यंत्र जें उत्तर देतें तें मात्र एकदम हातांत पडत नाहीं. तें एक बोट पुढें करतें. त्या बोटाला कर्सर म्हणतात. बोट पहिल्या ओळीवर ठेवा, वाचा. पुढच्या ओळीवर न्या, वाचा. अशा रीतीनें उत्तर उलगडत जातें. वहीवर बोट ठेवून हजेरी घेणारे गुरुजी ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस याहून अधिक स्पष्टीकरण नको.

येथपर्यंत झालें तें भांडाराचें काम. पडद्याचें काम त्याहून निराळें आहे, आणि आमच्या मतें अधिक मौजेचें आहे. समजा, मुलानें कांहींच शब्द न लिहितां सर्व पुस्तकें मागितलीं. नऊ हजार ओळी आल्या. पडद्यावर एका वेळीं दिसतात दहा किंवा बारा. मग नऊ हजार ओळींचीं नऊ हजार चित्रें आगाऊ काढून ठेवावीं काय? तसें केल्यास मोबाईलची स्मृति भरून जाईल आणि ॲप गळून पडेल. यावर जी युक्ति योजिली आहे ती आपल्या मळ्यांतील रहाटगाडग्याचीच होय. रहाटास गाडगीं थोडींच असतात. भरलेलें गाडगें वर येतें, पाणी ओतून रिकामें होतें, पुन्हां खालीं जाऊन भरतें. विहिरींत पाणी किती आहे यावर गाडग्यांची संख्या ठरत नाहीं. त्याचप्रमाणें पडद्यावर दिसणाऱ्या ओळींसाठीं पंधरा-वीस चौकटी तयार करावयाच्या. अंगठ्यानें यादी वर सरकविली कीं माथ्यावरून जी चौकट नाहींशी झाली तीच उचलून तळाशीं आणावयाची आणि तींत नव्या पुस्तकाचें नांव भरावयाचें. भांडारांतून ओळ घेऊन चौकटींत भरणारा जो मध्यस्थ, त्यास ॲडॅप्टर म्हणतात. ही युक्ति ॲन्ड्रॉइडच्या जुन्या लिस्टव्ह्यूमध्येंही होती. २०१४ सालीं आलेल्या नव्या साधनाचें तर नांवच रिसायक्लरव्ह्यू, म्हणजे चौकटी पुन्हां पुन्हां वापरणारें. २०२१ पासून रूढ झालेल्या त्याहून नव्या साधनांत यास लेझी कॉलम, म्हणजे आळशी रकाना, असें म्हणतात. जें कोणी पाहत नाहीं तें तो काढीतच नाहीं. आळसाचा इतका उपयुक्त प्रकार आम्हांस दुसरा माहीत नाहीं. मात्र मुलांनीं हें उदाहरण गृहपाठास लावूं नये.

या रहाटांत एक खोड असते. गाडगें पुरतें रिकामें न करितां भरलें तर जुनें पाणी नव्यांत मिसळतें. आमच्या यादींत, बाहेर गेलेल्या पुस्तकापुढें तांबडा ठिपका द्यावयाचा होता. आतां ज्या चौकटींत तो ठिपका एकदां उमटला ती चौकट खालीं येऊन दुसऱ्या पुस्तकास मिळाली, आणि ॲडॅप्टरास 'ठिपका लाव' एवढेंच सांगितलेलें असून 'नसेल तर पूस' असें सांगितलेलें नसेल, तर फळीवर जागच्या जागीं असलेल्या पुस्तकापुढें 'बाहेर गेलें' असें चिन्ह दिसूं लागतें. नवशिक्या कारागिरास हा दोष हटकून भेटतो. तो दिसावयास किरकोळ, परंतु परिणामानें क्रूर आहे. कारण तो ठिपका पाहून मूल परत जाईल, आणि उगाच परत गेलें हें त्याला कधींच कळणार नाहीं.

दुसरी गोष्ट वेगाची. मोबाईलमध्यें पडदा रंगविण्याचें काम एकाच गड्याकडे असतें. तो सेकंदास निदान ६० वेळां पडदा नव्यानें रंगवितो. म्हणजे एका खेपेस त्याला सुमारें १६ मिलिसेकंद मिळतात. याच गड्यास 'जा, भांडारांतून नऊ हजार ओळी घेऊन ये' असें फर्माविलें तर तो तिकडे जातो आणि पडदा थिजून बसतो. स्पर्शास पांच सेकंदांपर्यंत उत्तर आलें नाहीं तर ॲन्ड्रॉइड स्वतःच विचारतो, हें ॲप बंद करूं काय? म्हणून भांडाराकडे दुसरा गडी धाडावा, त्यानें ओळी थोड्या थोड्या आणाव्या, आणि रंगाऱ्यानें आपली जागा सोडूं नये. आपल्या शाळेंतील पुष्कळ मुलांच्या घरीं मोबाईल जुने आहेत, बहुधा वडील भावाचे उतरलेले. नव्या किमती यंत्रावर जें चालतें तें त्यांच्यावर चालेलच असें नाहीं. आम्हीं प्रत्येक बदल मुद्दाम सर्वांत जुन्या यंत्रावर तपासला.

आणखी एक लहानसा नियम जातां जातां सांगून टाकूं. मुलानें लिहिलेला शब्द उचलून तसाच मागणीच्या वाक्यांत चिकटवूं नये. त्याच्यासाठीं वाक्यांत रिकामी जागा ठेवून तो निराळा हातीं द्यावा. नाहीं तर इंग्रजी नांवांतील एखादें लोपचिन्ह, जसें डि'सोझा या आडनांवांतलें, यंत्रास अवतरणचिन्हच वाटतें आणि सारें वाक्य तेथेंच मोडतें. दुष्ट हेतूचा मनुष्य तर याच फटींतून आज्ञा घुसडून कोष्टक पुसूंही शकतो.

एवढी यंत्राची हकीकत झाली. परंतु झोंप उडाली ती यंत्रानें नव्हे, मराठीनें.

पहिलें भांडण ळ या अक्षरावरून झालें. यंत्र अक्षरें जाणीत नाहीं, क्रमांक जाणतें. जगांतील लिपींस क्रमांक देणारी जी युनिकोड पद्धति आहे तींत ल चा क्रमांक २३५४, ळ चा २३५५, व चा २३५७ आणि ह चा २३६१ आहे. भारतीय लिपींस एका समान आराखड्यांत बसवितांना ळ ची जागा ल च्या शेजारीं आली. एसक्यूलाइट दुसरें कांहीं न सांगितल्यास या क्रमांकांनुसारच ओळी लावतो. तेव्हां काळ, कावळा, काहूर असा क्रम लागतो. ज्या मुलानें 'ह, ळ, क्ष, ज्ञ' अशी वर्णमाला घोकली आहे तो काळ हा शब्द काहूर नंतर शोधणार आणि तेथें त्याला तो मिळणार नाहीं. क्षितिज तो सर्वांत शेवटीं शोधणार. यंत्रानें तें क च्या शेपटास बांधलेलें असणार, कारण यंत्राच्या दृष्टीनें क्ष म्हणजे क, मग हलन्ताचें चिन्ह, मग ष. मराठीचा वर्णक्रम सांगणारी तयार सारणी संगणकशास्त्रांत आहे. ॲन्ड्रॉइडांत ती मागतांही येते. परंतु ती त्या त्या मोबाईलच्या भाषेप्रमाणें लागते, आणि आपल्याकडील बहुतेकांनीं मोबाईलची भाषा इंग्रजीच ठेवलेली असते! शेवटीं आम्हीं कोष्टकांत एक निराळा रकाना आंखला आणि प्रत्येक पुस्तकाचा मराठी क्रम नोंद करतांनाच त्यांत लिहून ठेवला. तो रकाना कोणास दिसत नाहीं. त्याच्या सांगण्यावरून यादी मात्र उभी राहते. मुख्याध्यापकांनीं विचारलें, एका ळ साठीं एवढा खटाटोप कशाला? आम्हीं म्हटलें, साहेब, हजेरीपटांत आपलें नांव भलत्याच जागीं आलेलें आपणांस चालेल काय?

दुसरें भांडण याहून मोठें. नोंदींचें टंकलेखन अनेक हातांनीं आणि अनेक कळफलकांवर झालें. डोळ्यांस एकच दिसणारा शब्द यंत्रास दोन निराळे शब्द वाटूं शकतात, हें त्यामुळें उघड झालें. ॲ हें अक्षर घ्या. २००८ पासून युनिकोडांत त्याला स्वतंत्र क्रमांक आहे. परंतु कित्येक कळफलकांवर अजूनही अ काढून त्यावर चंद्र ठेवतात. कागदावर फरक शून्य. यंत्रास मात्र एक सरळ अक्षर दिसतें, दुसऱ्या ठिकाणीं दोन. 'वाऱ्यावर' या शब्दांतील अर्ध्या र ची तीच गत. तो निदान दोन रीतींनीं लिहितां येतो. आणि याहूनही खोल अडचण वाचकांस आमच्या याच लेखांत दिसत असेल. आम्ही जुन्या वळणाचें लिहितों. 'नाहीं', 'गांव', 'पांच' असे अनुस्वार देतों. १९६२ सालीं शासनानें मान्य केलेल्या नियमांनीं हे उच्चारांत नसलेले अनुस्वार गेले, आणि मुलें आतां 'नाही', 'गाव', 'पाच' लिहितात. हें योग्यच आहे. परंतु ग्रंथालयांतील जुन्या पुस्तकांवर नांवें जुन्याच लेखनांत छापलेलीं आहेत, आणि दाखलवहींत तीं तशींच उतरलीं आहेत. मुलगा 'गाव' लिहिणार, पुस्तकावर 'गांव', यंत्र म्हणणार, असें पुस्तक नाहीं.

म्हणून आम्हीं आणखी एक रकाना आंखला. त्यांत प्रत्येक नांव अनुस्वार काढून, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मिटवून, ॲ आणि अर्धा र यांना एकाच रीतीनें लिहून ठेवलें. मुलानें लिहिलेला शब्दही त्याच चाळणींतून काढावयाचा आणि मग दोहोंची गांठ घालून पाहावयाची. यांत तोटाही आहे. 'संत' आणि 'सत' एक होतात, आणि न मागितलेलें एखादें पुस्तक यादींत येऊन बसतें. आमच्या एका व्यवसायबंधूनें हें अव्यवस्थितपणाचें ठरविलें. आमचें मत असें, कीं पांच पुस्तकें हवीं असतां सात दिसलीं तर मूल दोन सोडून देईल. परंतु चारच दिसलीं तर पांचवें होतें हें त्यास कोण सांगणार?

हें मत नुसतें वादासाठीं नव्हतें, याचा प्रत्यय लवकरच आला. सातवींतील एक मुलगी मधल्या सुट्टींत वर आली. तिची आजी याच शाळेंत शिकलेली. आजीनें लहानपणीं येथून नेऊन वाचलेलें एक गोष्टींचें पुस्तक तिला पुन्हां ऐकावयाचें होतें; आतां तिचे डोळे अधू झाले आहेत, म्हणून नात वाचून दाखविणार. लेखकाचें नांव ठाऊक नाहीं, पुस्तकाच्या नांवांतील एकच शब्द आठवतो, आणि तो शब्द नेमका अनुस्वाराचा. मुलीनें तो आजच्या पद्धतीनें लिहिला. चार ओळी आल्या. तिनें चारही मोठ्यानें वाचल्या आणि तिसरीवर थांबली. कपाट १४, फळी ५. त्या फळीवरील पुस्तकें सुतळीनें बांधून बाद म्हणून जिन्याखालीं नेऊन ठेवलेलीं होतीं. सर स्वतः खालीं गेले, गठ्ठा वर आणला आणि सुतळी कापली. पुस्तकाच्या आंतील चिठ्ठीवर शेवटचा शिक्का १९८७ सालचा होता. मुलीनें विचारलें, "सर, हें किती दिवस ठेवतां येईल?" नियम एका आठवड्याचा आहे. सर म्हणाले, "आजीचें ऐकून होईपर्यंत ठेव."

त्या दिवसानंतर बाद करण्याचा ठराव एक वर्ष पुढें ढकलण्यांत आला. यादी सर्वांस दिसूं लागल्यावर वर्षभरांत कोण काय मागतें तें पाहावें, मग ठरवावें, असें मुख्याध्यापकांनींच सुचविलें.

रिकाम्या यादीविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण या विषयाकडे आमच्या धंद्यांतील लोक फारसें लक्ष देत नाहींत. शोध केला आणि पडदा पांढराच राहिला, तर त्याचे तीन अर्थ संभवतात. शोध अजून चालू आहे. किंवा शोध पुरा झाला पण कांहीं मिळालें नाहीं. किंवा मध्येंच कांहीं बिघडलें आणि शोध झालाच नाहीं. पांढरा पडदा तिन्हींस सारखाच. मूल त्याचा एकच अर्थ घेतें: पुस्तक नाहीं. म्हणून आम्हीं तिन्ही ठिकाणीं निराळीं वाक्यें घातलीं. मधलें वाक्य काय असावें यावर सरांशीं बराच वेळ चर्चा झाली. आम्हीं लिहिलें होतें, "पुस्तक उपलब्ध नाही." सरांनीं तें खोडून लिहिलें, "या शब्दानें पुस्तक सापडलें नाही. दुसरा शब्द लिहून पाहा, किंवा सरांना विचारा." आम्हीं म्हटलें, सर, मे महिन्यानंतर कोणत्या सरांना विचारावें? ते म्हणाले, "कोणी ना कोणी सर असेलच कीं." तें वाक्य तसेंच ठेवलें आहे.

यादींत काय दाखवूं नये यावरही वाद झाला. बाहेर गेलेलें पुस्तक कोणाकडे आहे तें नांव ओळींत दिसावें, म्हणजे दुसरा त्याच्याकडून मागून घेईल. आणि मुदत उलटली असेल तर नांव तांबडें व्हावें, म्हणजे वचक राहील, अशी सूचना आली. सूचना करणारांचा हेतु शिस्तीचा होता. आम्हीं विरोध केला. कोणतें मूल काय वाचतें हें सगळ्या शाळेच्या हातांतील मोबाईलवर कां असावें? आणि उशिराचें कारण आळसच असेल असें थोडेंच आहे? वरच्या आजीच्या नातीचें नांव आठव्या दिवशीं तांबडें झालें असतें. येथें एक तांत्रिक मुद्दाही आहे. एसक्यूएलमध्यें एक तारा काढला कीं कोष्टकांतील सर्व रकाने हातीं येतात. पुष्कळजण सोय म्हणून सर्व रकाने घेतात आणि हवे तेवढेच पडद्यावर मांडतात. परंतु पडद्यावर न मांडलेली गोष्ट ॲपमध्यें असतेच, आणि जाणता मनुष्य ती बाहेर काढूं शकतो. म्हणून पुस्तक नेणारांचें कोष्टक मुलांच्या ॲपमध्यें आम्हीं घातलेंच नाहीं. तें सरांच्या टेबलावरील संगणकांत आहे. मुलांस एवढेंच कळतें कीं पुस्तक बाहेर आहे आणि कोणत्या तारखेस परत येणें अपेक्षित आहे.

सध्यां सर रोज दुपारीं एकेका कपाटापुढें मोबाईल घेऊन उभे राहतात आणि यादींतील फळीचा आंकडा प्रत्यक्ष फळीशीं ताडून पाहतात. त्यांनीं अक्षर मोठें करून मागितलें, तें करून दिलें. त्यामुळें पडद्यावर दहांऐवजीं सातच ओळी मावतात, पण रहाटास त्याचें कांहीं वाटत नाहीं. आणखी एक रकाना त्यांनीं स्वतःहून मागितला आहे: पुठ्ठ्याचा रंग. आम्हीं प्रथम हंसलों. मग 'निळ्या पुठ्ठ्याचें' आठवलें आणि आंखून दिला. रंग भरण्याचें काम पांचवीच्या मुलांकडे आहे, आणि 'मळका पिवळा' व 'तपकिरी' यांतील भेदावर त्यांचे जे कडाक्याचे वाद होतात ते ऐकण्यासारखे असतात.

मागच्या दालनांतील तीन कपाटें अजून नोंदावयाचीं राहिलीं आहेत. शनिवारीं शाळा सुटल्यावर ग्रंथालय दोन तास उघडें असतें. ज्यांना मराठी टंकलेखन येतें त्यांनीं यावें. ज्यांना येत नाहीं त्यांनीं धूळ झाडण्यास यावें. फडकीं आम्ही आणूं.